सिंटिलेटरच्या निवडीमागचा इतिहास

कोल्हापुरात भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची गॅमा किरणांशी पहिली ओळख बहुधा ॲल्युमिनियमच्या डबीत हवाबंद केलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकामार्फत होते. किरण आदळताच प्रकाशाची ठिणगी देणाऱ्या अशा पदार्थाला सिंटिलेटर म्हणतात. हाच पदार्थ का, याचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक मागे जाते.

1909 मध्ये मँचेस्टर येथे रदरफोर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळताच उमटणाऱ्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून मोजत असत. ही भुकटी स्वतःचाच प्रकाश अडवत असल्याने तिचा पातळ थरच उपयोगी पडे. अल्फा कणांना तो पुरेसा होता, गॅमा किरण मात्र त्यातून जवळजवळ तसेच आरपार जात.

1944 मध्ये कुरन आणि बेकर यांनी डोळ्याच्या जागी फोटोमल्टिप्लायर नळी, म्हणजे मंद प्रकाशाचे मोजता येणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारी नळी, बसवली आणि निवडीचे निकषच बदलले. प्रकाश दिसण्यापेक्षा तो पदार्थातून बाहेर पडणे आणि नळीला मानवणाऱ्या तरंगलांबीचा असणे महत्त्वाचे ठरले. 1947 मध्ये कालमान यांनी नॅप्थलीनचे, म्हणजे आपल्या कपाटातील डांबरगोळ्यांच्या पदार्थाचे, मोठे पारदर्शक तुकडे वापरले. परंतु कार्बन आणि हायड्रोजन हलके असल्याने गॅमा किरणांची पूर्ण ऊर्जा त्यात क्वचितच शोषली जाई. पुढच्याच वर्षी हॉफस्टॅटर यांनी थॅलियम मिसळलेले सोडियम आयोडाइड पुढे आणले. आयोडीनचा अणुक्रमांक 53 असल्याने शोषण वाढले, शिवाय एक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेमागे सुमारे 38,000 फोटॉन मिळू लागले. हॉफस्टॅटर यांना 1961 चे नोबेल मिळाले ते वेगळ्याच कामासाठी; या स्फटिकाचे श्रेय मात्र माझ्या मते त्याहून कमी नाही.

त्याचा मोठा दोष म्हणजे तो हवेतील ओलावा ओढून घेतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात डबीचे सील गेले, तर स्फटिक पिवळसर आणि धुरकट होऊन निकामी होतो. 1970 च्या दशकात आलेल्या बिस्मथ जर्मेनेटला ओलाव्याचे भय नाही, त्याची घनताही सोडियम आयोडाइडच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि म्हणूनच शरीरातून येणाऱ्या गॅमा किरणांवरून प्रतिमा बनवणाऱ्या पेट (PET) स्कॅनरमध्ये त्याने जम बसवला. पण त्याचा प्रकाश तुलनेने फारच कमी. नंतरच्या ल्युटेशियम ऑर्थोसिलिकेटची ठिणगी सुमारे 40 नॅनोसेकंदांत विझते, मात्र ल्युटेशियम स्वतःच किंचित किरणोत्सारी आहे, त्यामुळे मंद स्रोत मोजताना ते अडचणीचे ठरते. लँथनम ब्रोमाइड जवळच्या ऊर्जा सर्वांत स्पष्ट वेगळ्या दाखवते, परंतु तेही ओलावा शोषते आणि बरेच महाग पडते. शिकवण्याच्या प्रयोगशाळेत सोडियम आयोडाइड टिकून आहे, ते यामुळेच.