आशाताईच्या पट्टीवरच्या दोन रेघा: पार्श्वभूमी

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या पाड्यांवर पाळी चुकलेल्या बाईकडे सहसा आधी पोचते ती आशाताई. तिच्या पिशवीत ‘निश्चय’ किट असतं, म्हणजे दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी. ती लघवीतलं एचसीजी हे हार्मोन पकडते. दिवस गेल्याची खूण एवढीच या हार्मोनची ओळख बहुतेकांना असते. पण पहिले काही आठवडे गर्भ टिकतो तोच त्याच्या जोरावर, आणि पट्टी केव्हा, का चुकते हेही तिथूनच उलगडतं.

गोष्ट सुरू होते पीतपिंडापासून. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात मागे उरलेल्या पुटिकेचा पिवळसर गोळा तयार होतो, तो पीतपिंड. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ब्रेस्लाउमध्ये लुडविग फ्रेंकेल यांनी गाभण सशिणींचे पीतपिंड नष्ट केले, तेव्हा गर्भ टिकले नाहीत. 1929 मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरला जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी उलट बाजूने पाहिलं: सशिणींची अंडाशयं काढली, डुकरिणीच्या पीतपिंडाचा अर्क टोचत राहिले आणि गर्भ वाढले. त्या अर्कातलं गर्भ टिकवणारं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, 1934 मध्ये शुद्ध रूपात मिळालं.

पण पीतपिंडाचं आयुष्य जेमतेम 14 दिवसांचं. तो सुकला की प्रोजेस्टेरॉन उतरतं, गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि पाळी येते. गर्भ रुजतो स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण 6 ते 10 दिवसांनी, म्हणजे पीतपिंड वाचवायला हातात थोडेच दिवस उरतात. रुजणाऱ्या गर्भाच्या बाहेरच्या पेशी तेवढ्यात एचसीजी सोडतात आणि पीतपिंड जगतो. रक्तातलं एचसीजी सुरुवातीला दर दोन दिवसांनी जवळजवळ दुप्पट होतं, दहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि मग उतरतं, कारण तोवर वार स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवू लागलेली असते. 1970 च्या दशकात आर्पाद चापो यांनी हा खांदेपालट मोजून दाखवला: सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढला तर गर्भपात, नवव्यानंतर काढला तर गर्भ टिकतो.

चाचणी मात्र या समजुतीच्या आधीच निघाली. 1927-28 मध्ये बर्लिनला सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी बाईची सकाळची लघवी वयात न आलेल्या पाच उंदरिणींना तीन दिवस टोचली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या मारून अंडाशयं पाहायची. रक्ताचे ठिपके किंवा पीतपिंड दिसले की बाई गरोदर. निदान बहुतेक वेळा बरोबर येई, पण लघवीतला हा पदार्थ पिट्युटरीतून, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येतो हा त्यांचा तर्क चुकीचा होता. 1938 मध्ये बाल्टिमोरला गे, जॉर्जिआना सीगर आणि हेलमन यांनी वारेच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या, तर तो त्या पेशींतूनच निघाला. पुढे उंदीर गेले, ससे आले, मग बेडूक. 1960 मध्ये वीडे आणि गेमझेल यांनी प्रतिपिंडांवर (ठरावीक पदार्थालाच चिकटणाऱ्या प्रथिनांवर) चालणारी चाचणी काढली आणि प्राण्यांची गरज संपली.

तरीही एक अडचण होती. पिट्युटरीतलं एलएच (स्त्रीबीज बाहेर पडायला लावणारं हार्मोन) आणि एचसीजी हे दोन्ही अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचे रेणू, आणि त्यांची अल्फा साखळी एकच, त्यामुळे चाचणी फसायची. 1972 मध्ये वैतुकायतिस, ब्रौनस्टाइन आणि रॉस यांनी फक्त बीटा साखळी ओळखणारी मोजणी दिली. आज डॉक्टर ‘बीटा एचसीजी’ लिहून देतात ती हीच.

याच काळात दिवस गेलेत का हे ओळखायची एक घातक वाटही रुळली होती. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जोरदार गोळ्या द्यायच्या. रक्तस्राव झाला तर दिवस गेलेले नाहीत. ज्या पोटात गर्भ असेल त्यालाच हार्मोनचा मारा, हा धोका खपवून घ्यायला नको होता. भारतात या मिश्रणांवर 1988 मध्ये बंदी आली. पाळी आणायच्या गोळ्या मागणाऱ्या बाईची आधी पट्टी करावी, ती याचसाठी.

दिल्लीत जी. पी. तलवार यांच्या गटाने उलटा मार्ग धरला: गर्भ राहूच नये म्हणून एचसीजीच अडवणारी लस. 1994 च्या अहवालात 148 पैकी 119 बायकांमध्ये पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली आणि त्या संरक्षणाखालच्या 1224 पाळीचक्रांत गर्भ राहिला एकदाच.

आता पट्टी. सकाळची पहिली लघवी घ्यावी, दोन-तीन थेंब टाकावेत, पाच मिनिटांनी वाचावी. फार उशिरा उमटलेली रेघ धरू नये. ‘सी’ची रेघ (पट्टी चालते आहे याची खूण) नसेल तर पट्टी बाद. ‘सी’सोबत ‘टी’ची (एचसीजी सापडल्याची) रेघ आली, म्हणजे दोन रेघा दिसल्या, तर दिवस गेलेत; ‘टी’ची फिकट रेघही त्यातच मोजावी. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेलेल्या बाईला पाळीची तारीख आठवत नसेल आणि एकच रेघ आली, तर आठवड्याने पुन्हा करावी. बीज उशिरा सुटलं असेल तर एचसीजी अजून पुरेसं चढलेलं नसतं. मात्र फार वाटही पाहू नये. बाळाचा मज्जारज्जू घडवणारी नळी शेवटच्या पाळीपासून साधारण सहा आठवड्यांत मिटते, म्हणून फॉलिक ॲसिड त्याआधीच सुरू व्हायला हवं.

दिवस बरेच गेलेत असं वाटत असूनही एकच रेघ आली, तर लघवीत पाणी घालून दुसरी पट्टी लावून पाहावी. द्राक्षगर्भात, म्हणजे वार द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वाढते तेव्हा, एचसीजी बेसुमार असतं. तेव्हा पट्टीवरची दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात आणि रेघ उमटतच नाही. संशय उरला तर सोनोग्राफी हवीच. आणि दोन रेघांसोबत ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, थेंबथेंब रक्त जात असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. गर्भ कुठे आहे हे पट्टीला कळत नाही. अशा बाईला उपकेंद्रात बसवून न ठेवता सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी हलवावं.