प्रोग्रॅम अडकला? रीस्टार्टच्या आधी हे वाचा
(आमच्या नाशिक परिसरातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

द्राक्षाचा हंगाम लागला की निफाड-पिंपळगावच्या पॅकहाउसमधून ठरलेला फोन येतो: “बिलिंग अडकलं होतं, रीस्टार्ट केलं, आता चालतंय. पण झालं काय होतं?” तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. कोणती मेथड (प्रोग्रॅममधला एक काम करणारा तुकडा) कुणाला बोलावून थांबली होती, ही माहिती चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत असते. रीस्टार्टबरोबर ती जाते.

“कोड तुमचाच आहे, वाचून सांगा,” असंही ऐकावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर जावात आहे. कर काढणारी मेथड मूळ बिलाच्या क्लासमध्ये (म्हणजे कोडमधल्या साच्यात) आहे, आणि त्याच नावाची निर्यात बिलाच्या क्लासमध्येही. यातली कोणती चालणार, हे समोर कोणत्या क्लासचं ऑब्जेक्ट (साच्यातून बनलेलं प्रत्यक्ष बिल) येतं त्यावर, आयत्या वेळी ठरतं. एलयूटीवर (कर न भरता निर्यात करण्यासाठीच्या हमीपत्रावर) निघालेल्या कंटेनरच्या बिलात कर लागला, तर बहुधा आकडेमोड बरोबरच असते. ऑब्जेक्टच साध्या बिलाचं तयार झालेलं असतं. कोड वाचून यात दिवस जातो. कॉल ट्रेस केले, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये कोणती मेथड कुणी बोलावली याचा माग काढला, की चटकन दिसतं.

म्हणून प्रोग्रॅम अडकला की आधी जेपीएस (jps, चालू जावा प्रोग्रॅमची यादी देणारी कमांड) चालवून प्रोसेस नंबर बघा, मग त्या नंबरावर जेस्टॅक (jstack, त्या क्षणी कोणती मेथड कुठे आहे ते दाखवणारी कमांड) चालवून निघेल ते फाइलमध्ये ठेवा. दहा-दहा सेकंदांनी, तीनदा. एकाच फाइलवरून प्रोग्रॅम तिथे थांबलाय की नुसता तिथून जात होता, ते कळत नाही. एवढं झालं की खुशाल रीस्टार्ट करा. गाडी दारात उभी असताना आमची वाट बघत बसू नका.

अडकत नाही पण बिल चुकतं, अशा वेळी आम्ही चालू प्रोग्रॅमला ट्रेसिंगचा एजंट (कॉल नोंदवणारा छोटा प्रोग्रॅम) जोडतो. संशय असलेले दोन-तीन क्लासच टिपतो. “सगळंच टिपा ना!” टिपलं असतं, पण प्रत्येक कॉल नोंदवायला लागलं की प्रोग्रॅम रांगायला लागतो आणि तुमचा काउंटर थांबतो. शेतकऱ्यांचे भाव नोंदीत येऊ देत नाही. जेडीके (जावाचा पूर्ण संच) २१ किंवा पुढचं असेल तर एजंट जोडताना स्क्रीनवर इशारा येतो. तो व्हायरस नव्हे. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असलेल्यांना या कामाचा वेगळा आकार नाही.

नवा सर्व्हर घेताना नुसतं जेआरई (जावाचे प्रोग्रॅम फक्त चालवणारा भाग) नको, पूर्ण जेडीके टाकायला सांगा. जेस्टॅक त्यातच येतं. जुन्या सर्व्हरवर आहे की नाही, ते पुढच्या भेटीत आम्हीच तपासून जाऊ.