उतारावरचा पार-थ्री आणि कड्यावरचा पार-थ्री

स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रून या गोल्फ मैदानाचं आठवं होल आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लेजंड रिसॉर्टचं 'एक्स्ट्रीम नाइन्टीन्थ' हे एकोणिसावं होल यांना 'भन्नाट डाउनहिल पार-थ्री' (उतारावरचं, तीन फटक्यांत संपवायचं होल) म्हणत एकाच यादीत बसवणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात. ट्रूनची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, ग्रीनपेक्षा (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपेक्षा) जराशी उंच आणि होल अवघं 123 यार्डांचं. दुसरीकडे टी हँगलिप डोंगराच्या माथ्यावर, ग्रीन 400 मीटरहून जास्त खाली, आणि टीवर जायचं हेलिकॉप्टरने. ती सहल झाली. मजेची आहे, पण सहलच.

दोन्हींत सारखं काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रीन, बंकर (वाळूचे खड्डे), झेंडा, सगळं समोर दिसतं. चढावरच्या होलसारखं नुसतं झेंड्याचं टोक बघून मारावं लागत नाही. कमी लांब मारणाराही ग्रीन गाठतो. बदल्यात जेवढं उतरलो तेवढं पुढे कुठेतरी चढायचं, आणि टीवर फोटो काढत बसलेल्या चौघांच्या गटाची वाट बघायची.

घोळ होतो तो उंचीच्या हिशेबात. 'दहा यार्ड खाली, तर दहा यार्ड वजा' हा कॅडीचा (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचा) नियम बऱ्यापैकी चालतो, कारण आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या काठीने मारलेला) चेंडू साधारण 45 ते 50 अंशांत उतरतो. पण उतार वाढला की चेंडू आणखी उभा पडतो आणि खालच्या प्रत्येक यार्डामागे पुढे जाणं घटत जातं. हेही एक वेळ पाठ करता येईल. वाऱ्याचं तसं नाही. दहा-बारा मीटर उतारावर चेंडू जेमतेम अर्धा सेकंद जास्त हवेत राहतो. साठ मीटरवर दोनेक सेकंद, आणि तेही पुढचा वेग ओसरल्यावर. तेवढ्यात आडवा वारा त्याला कुठेही नेतो.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचं सातवं होलही थोड्या उताराचंच, शंभर यार्डांच्या थोडं पुढे. 1992च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी समुद्रावरून इतका वारा होता, की एरवी वेजने (कमी अंतराच्या काठीने) मारायच्या त्या अंतरावर टॉम काइटने बरंच लांब मारणारं सहा नंबरचं आयर्न काढलं. ग्रीन हुकलं, पण बाजूने मारलेली चिप (छोटा फटका) थेट होलमध्ये गेली आणि स्पर्धाही त्यानेच जिंकली. वारा कितीही असो, तिथे चेंडू खाली दाबून मारायचा पर्याय उरतो. कड्यावरून दाबून मारलेला चेंडूही शेवटी तरंगतोच, आणि इतका उभा पडतो की समोरून लोळवत ग्रीनवर नेणं विसराच.

ट्रूनच्या त्याच छोट्याशा ग्रीनसाठी 1950च्या ब्रिटिश ओपनमध्ये हेर्मान टिसीस या हौशी खेळाडूने 15 फटके घेतले, तर 1973च्या ओपनमध्ये 71 वर्षांच्या माजी विजेत्या जीन सॅराझनने एका फटक्यात होल केलं. उताराचं होल असं असावं. कडाच वापरायचा असेल, तर निदान ग्रीन ऐसपैस ठेवा आणि कमी लांब मारणाऱ्यांसाठीच्या, ग्रीनच्या जवळच्या टी निम्म्या उंचीवर आणा.