डेटाबेसमधलं ‘रिलेशन’: एका शब्दाच्या घोळाची पार्श्वभूमी

नोकरीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: डेटाबेसला ‘रिलेशनल’ का म्हणतात? समोरचा मुलगा क्षणही न थांबता सांगतो, ‘कारण त्यातल्या टेबलांचं एकमेकांशी नातं जोडलेलं असतं.’ उत्तर चूक आहे, पण त्या मुलाला दोष देववत नाही. त्याच्या सरांनाही हेच शिकवलं गेलं होतं, आणि सरांच्या आधीच्या पिढीला ते शिकवलं डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅममधल्या आज्ञेने. मी त्या आधीच्या पिढीतला.

साठच्या दशकाचा इतिहास इथे थोडक्यातच. चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न रॉकेटच्या सुट्या भागांची यादी कागदावर आवरेना, म्हणून आयएमएस नावाची प्रणाली बांधली गेली आणि १९६८ साली ती चालू झाली. तिची रचना झाडासारखी: वर मोठा जोड, त्याखाली छोटे जोड, त्याखाली नट-बोल्ट. त्याच सुमाराला दुसऱ्या एका गटाने झाडाऐवजी जाळं पत्करलं. प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता, आणि प्रोग्रॅमरने त्या पत्त्यांवरून चालत जायचं. या पंथाच्या अध्वर्यूने १९७३ साली मोठा पुरस्कार स्वीकारताना प्रोग्रॅमरला ‘नॅव्हिगेटर’ म्हटलं आणि ते अभिमानाने म्हटलं. दर्यावर्दी जसा ताऱ्यांवरून वाट काढतो, तसा प्रोग्रॅमर नोंदींवरून.

याला विरोध तीन वर्षं आधीच छापून झाला होता. जून १९७० मध्ये एका इंग्रज गणितज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या प्रयोगशाळेत काम करत होता. निबंधाच्या पहिल्याच वाक्याचा आशय असा, की माहिती यंत्रात आत कशी मांडली आहे हे जाणून घेण्याच्या जाचातून वापरणाऱ्याला सोडवलं पाहिजे. वाट काढायचं काम माणसाचं नाहीच. माणसाने काय हवं ते सांगावं, कुठून आणायचं ते यंत्राने बघावं.

‘रिलेशन’ हा शब्द इथे आला तो गणितातून. गणितात रिलेशन म्हणजे संच: एका ठरावीक साच्यातल्या मूल्यांच्या ओळींचा. सभासद क्रमांक, नाव, गाव अशा ओळींचं जे टेबल, ते टेबल स्वतःच एक रिलेशन. डेटाबेसमध्ये एकच टेबल असलं आणि त्याचं कुणाशी काही नातं नसलं, तरी तो रिलेशनलच. आणि संच म्हटला की दोन गोष्टी आपोआप येतात. ओळींना क्रम नसतो, म्हणजे ‘पंचविसावी ओळ’ असं काही नसतंच. आणि तीच ओळ दोनदा येत नाही.

आता माझ्या ओळखीच्या काळाकडे येतो. १९८० साली डीबेस दोन हे छोट्या संगणकांवर डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर बाजारात आलं. डीबेस एक कधीच नव्हतं. पहिली आवृत्ती म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून सुरुवातच दोनपासून. (ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसची बाजारात आलेली पहिली आवृत्तीही १९७९ची आवृत्ती दोनच. त्या काळी एक आकडा अशुभ असावा.) स्वतःला रिलेशनल म्हणवून घेण्यात डीबेसने काही मागे-पुढे पाहिलं नाही. पुढे डीबेस तीनमध्ये एक आज्ञा आली: सेट रिलेशन टू. दोन फाइली उघडायच्या, दुसरीची इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, लावायची आणि या आज्ञेने पहिलीला दुसरीशी बांधायचं. पहिल्या फाइलीत एक नोंद पुढे सरकलं की दुसऱ्या फाइलीतला काटा, म्हणजे सध्याची नोंद दाखवणारी खूण, जुळणाऱ्या नोंदीवर आपसूक जाऊन बसतो. घोळ सुरू झाला तो इथे. निबंधातलं रिलेशन म्हणजे टेबल. पडद्यावरचं रिलेशन म्हणजे दोन टेबलांमधला दोरा. शब्द एकच, आणि आमच्या पिढीने दोराच रिलेशन समजून घोकला.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण मी त्याची किंमत पाहिली आहे. १९९०-९१चा गळीत हंगाम, एका सहकारी साखर कारखान्याचा ईडीपी (म्हणजे संगणक) विभाग, मशीनवर डीबेसच्याच वळणाचं फॉक्सबेस प्लस. पंधरवड्याचं ऊस बिल काढायचं होतं. एका फाइलीत वजनकाट्यावरून आलेलं टनेज, दुसरीत वसुली: कारखान्याने उधारीवर दिलेलं बेणं आणि खत, जे बिलातून कापून घ्यायचं. मी सभासद क्रमांकावर सेट रिलेशन लावलं, बिलं छापली, डॉट मॅट्रिक्सने रात्रभर करकर केली. दोन पंधरवडे झाल्यावर खताचा हिशेब ठेवणारे बापू वही घेऊन आले. म्हणाले, ‘साहेब, बेण्याची वसुली झाली, खताची कुठाय?’ ज्यांनी फक्त खत उचललं होतं त्यांचं कापलं गेलं होतं. ज्यांनी दोन्ही उचललं होतं त्यांचं मात्र फक्त बेणं कापलेलं, कारण बेण्याची नोंद आधी झाली होती. सेट रिलेशन काटा नेतं ते जुळणाऱ्या पहिल्या नोंदीवर आणि तिथेच थांबतं. दुसरी नोंद तुम्ही स्किप म्हणून, क्रमांक तोच आहे ना हे बघत, हाताने गाठायची. ते मी केलं नव्हतं. पुढे फॉक्सबेसच्या नव्या अवताराने, फॉक्सप्रोने, सेट स्किप अशी आज्ञा देऊन ही उणीव भरून काढली, पण तोवर आम्ही पुढच्या तीन बिलांतून ती वसुली करून बोलणी खाल्ली होती.

हेच काम एसक्यूएलमध्ये, म्हणजे रिलेशनल डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, केलं असतं तर जुळणाऱ्या सगळ्या ओळी एका फटक्यात समोर आल्या असत्या, कारण तिथे काटा नावाची वस्तूच नाही. दोन संच घ्यायचे, अट सांगायची, तिसरा संच मिळतो. म्हणून माझं ठाम मत आहे की डीबेस आणि त्याचं सगळं गणगोत रिलेशनल पंथातलं नव्हतंच. रेकनो, गोटो, सीक, स्किप या सगळ्या वाट काढण्याच्या आज्ञा. आम्ही नॅव्हिगेटरच होतो, फक्त टोपीवर पाटी दुसऱ्या पंथाची होती. आमच्यातले काही जण अजूनही हे मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, टेबलं होती, समान रकाना होता, आणखी काय हवं? त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की १९९१च्या फॉक्सप्रो दोनमध्ये एसक्यूएलची सिलेक्ट आज्ञा खरोखर आली. आमच्यापैकी किती जणांनी ती वापरली, हा वेगळा प्रश्न.

पाटीचा हा गैरवापर मूळ गणितज्ञालाही खुपला. ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने एका संगणक साप्ताहिकात दोन लेख लिहून रिलेशनल म्हणवणाऱ्यांसाठी बारा नियम घातले. मोजले तर ते तेरा भरतात, कारण मोजणी शून्यापासून आहे. बारावा नियम मला आजही टोचतो. आशय असा: एकेका नोंदीला हात घालणारी खालच्या पातळीची भाषा असेल, तर तिच्या आडून वरचे नियम मोडता येता कामा नयेत. आमच्याकडे काय होतं? ब्राउज अशी आज्ञा द्यायची, अख्खी फाइल पडद्यावर तक्त्यासारखी पसरायची, बाणाची कळ दाबत वजनाच्या रकान्यात जायचं आणि १२.४८०चं १४.२८० करायचं. विचारणारं कुणी नाही. प्रोग्रॅममध्ये मी घातलेल्या साऱ्या तपासण्या बाजूलाच राहायच्या, कारण नियम डेटाजवळ नव्हते, माझ्या प्रोग्रॅममध्ये होते. डेटाबेस आणि डेटाबेस सांभाळणारी व्यवस्था यांत फरक काय, हे समजायला मला तरी व्याख्येपेक्षा ही ब्राउजची खिडकी जास्त उपयोगी पडली.

नियम कडक असले, तरी त्या कसोटीला एसक्यूएलवालेही पुरते उतरले नाहीत. १९८६ साली एसक्यूएल प्रमाणित झाली ती टेबलात तीच ओळ दोनदा येऊ देऊनच. कट्टर मंडळी त्यावरून अजून कुरकुरतात, आणि गणिताच्या बाजूने ती बरोबर आहेत.

‘डेटाबेस’ या शब्दाचंही असंच सरकणं झालं. डीबेस तीन प्लसच्या भाषेत नोंदी साठवणारी एकेक डीबीएफ फाइल म्हणजे एकेक डेटाबेस. कारखान्यात आमचे चाळीस ‘डेटाबेस’ होते, म्हणजे खरं तर चाळीस टेबलं. १९९५ साली व्हिज्युअल फॉक्सप्रो तीन आलं, त्यात टेबलांना एकत्र बांधणारी डीबीसी नावाची वेगळी फाइल आली, नियमही तिच्यात ठेवता येऊ लागले, आणि कालपर्यंतचा डेटाबेस एका रात्रीत टेबल झाला. मार्च २००७ मध्ये निर्मात्यांनी व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. २००९च्या सुमाराला एसक्यूएल आणि टेबलं बाजूला ठेवणाऱ्या ‘नोएसक्यूएल’ डेटाबेसांची लाट आली तेव्हा तरुण सहकारी उत्साहाने सांगू लागले, की आता नोंदीत नोंद ठेवता येते, झाडासारखी. मला सॅटर्नचे नट-बोल्ट आठवले.

डीबीएफ मात्र मेली नाही. नकाशांच्या कामात शेपफाइल नावाचा जो प्रकार आजही सर्रास फिरतो, त्यात गाव, क्षेत्र, लोकसंख्या अशी माहिती असते ती एका डीबीएफमध्येच, आणि रकान्याच्या नावाला मर्यादा तीच जुनी, दहा बाइटची (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणुकीचं छोटं एकक). डॉसच्या दिवसांत पुण्यात तयार झालेलं कार्ड मशीनमध्ये घालून आम्ही मराठी टाइप करायचो तेव्हा एका चिन्हाला एक बाइट पुरायचा. आता जगभरच्या लिप्यांना संकेत देणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, काना आणि उकार धरून. गेल्या महिन्यात भाचीने तिच्या प्रकल्पाचा नकाशा दाखवला. रकान्यांना तिने हौसेने मराठी नावं दिली होती. ‘गाव’ नऊ बाइटमध्ये नीट बसलं होतं. ‘तालुका’ला अठरा लागतात, तो ‘ताल’वर तुटला होता.

‘मामा, हे असं का?’ तिने विचारलं. मी १९८०पासून सुरुवात केली.