साडेपाच हजार मीटर आणि दीड फूट बर्फ

खूप उंचावरून पडणारा माणूस म्हणे जमिनीला लागण्याआधीच मरतो. हवेतच त्याचं हृदय बंद पडतं, म्हणून त्याला काही कळत नाही. चांगली शिकलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. हे साफ खोटं आहे. हौशी स्कायडायव्हर मिनिटभर असेच मोकळे पडत येतात, मग पॅराशूट उघडतात आणि खाली उतरून चहा पितात. पडण्यानं कुणी मरत नाही, मरतो तो थांबण्यानं. या एका वाक्यात जे भौतिकशास्त्र आहे, त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण नेमकं 'देव तारी त्याला कोण मारी' या मथळ्याखाली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. पॅराशूटशिवाय विमानातून उडी टाकून वाचलेल्या एका सैनिकाची ही घटना शंभर टक्के खरी आहे. तक्रार फक्त मथळ्याबद्दल आहे.

दुसऱ्या महायुद्धात, २४ मार्च १९४४ च्या रात्री, बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाची, ८११ विमानं बर्लिनवर हल्ला करायला निघाली. त्या रात्री वरच्या थरात उत्तरेकडून इतका जोराचा वारा होता की विमानं ठरल्या वाटेवरून पार भरकटली. ७२ विमानं परत आलीच नाहीत. त्यातलं एक ११५ स्क्वाड्रनचं लँकेस्टर जातीचं बॉम्बफेकी विमान. श्मालेनबर्ग गावाच्या पूर्वेला युंकर्स ८८ या जर्मन लढाऊ विमानानं त्याला गाठलं आणि विमान पेटलं. आत सात जण होते. वैमानिकानं उड्या टाकायला सांगितलं.

शेपटीच्या टोकाला, काचेच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या कोठडीत, २१ वर्षांचा निकोलस अल्कमेड मशीनगन घेऊन बसला होता. ही टरेट इतकी अरुंद असायची की पॅराशूट बांधून तिथं बसताच येत नसे. अंगावर नुसते पट्टे, आणि पॅराशूटचं गाठोडं दारापलीकडे विमानाच्या पोटात अडकवलेलं. अल्कमेडनं दार उघडलं तर समोर ज्वाळा, आणि त्यात पेटलेलं पॅराशूट. जळून मरण्यापेक्षा पडून मरू, एवढाच हिशेब त्यानं केला आणि पाठमोरा बाहेर झोकून दिलं. उंची १८,००० फूट, म्हणजे साधारण ५,५०० मीटर.

आता शाळेतलं गणित करू. हवा नसती तर इतक्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर ताशी ११८० किलोमीटर वेगानं आदळली असती, म्हणजे जवळजवळ ध्वनीच्या वेगानं. पण हवा असते, आणि तिचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट. त्यामुळे एक क्षण असा येतो की वर ढकलणारा रोध आणि खाली ओढणारं वजन बरोबरीत येतात, आणि वेग वाढायचा थांबतो. हाच टर्मिनल वेग. आडव्या पडणाऱ्या माणसासाठी जमिनीजवळ तो ताशी १९५ किलोमीटरच्या आसपास भरतो. बारा-एक सेकंदांत, साडेचारशे-पाचशे मीटर पडल्यावर, माणूस जवळपास या वेगाला पोचलेला असतो. त्यापुढे उंची कितीही वाढवा, आदळण्याच्या वेगात फरक पडत नाही. पाचशे मीटर काय आणि साडेपाच हजार काय, जमिनीच्या दृष्टीनं सारखेच.

खरी गंमत यापुढे आहे. साडेपाच हजार मीटरवर हवेची घनता जमिनीजवळच्या घनतेच्या जेमतेम ५७ टक्के असते. टर्मिनल वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून तिथं तो सुमारे ३२ टक्के जास्त, ताशी २५५ च्या घरात असतो. म्हणजे अल्कमेड पहिल्या काही सेकंदांत ताशी २४० च्या आसपास पोचला असणार आणि मग खाली येता येता त्याचा वेग कमी होत गेला असणार! पडणारा माणूस सावकाश होत जातो, हे मनाला पटत नाही, पण हवा दाट होत जाते आणि ब्रेक आवळत जातो. (त्याला विमानाचा स्वतःचा ताशी ३०० हून जास्त आडवा वेगही मिळालेला होता, पण तोही हवेनं काही सेकंदांत जिरवला.) ऊर्जेच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या स्थितिज ऊर्जेचा ९७ टक्के भाग हवेनं आधीच खाऊन टाकला होता. जमिनीच्या वाट्याला आले ते उरलेले तीनच टक्के.

अर्थात ते तीन टक्केही मारायला भरपूर होतात. ताशी १९५ किलोमीटर हा वेग, हवा नसलेल्या जागी १४९ मीटरवरून पडल्यावर येणाऱ्या वेगाइतका आहे. यावरून एक सोपा नियम मिळतो: १४९ ला थांबायला मिळालेल्या अंतरानं, मीटरमध्ये, भागायचं. उत्तर येतं ते शरीराला बसणाऱ्या सरासरी झटक्याचं, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे 'जी'मध्ये. काँक्रीटवर थांबायला काही सेंटिमीटरच मिळतात, म्हणजे हजारो जी. एका मीटरात थांबलात तर १४९. दहा मीटरात थांबलात तर फक्त १५. एसटीचा चांगला ड्रायव्हर थांबा दिसताच दुरून ब्रेक लावायला घेतो, तेच हे. पाणी मऊ म्हणून वाचवेल, ही आशाही सोडा. या वेगाला पाण्याला बाजूला सरायला वेळच मिळत नाही.

माणूस किती सोसू शकतो? जॉन स्टॅप या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरनं डिसेंबर १९५४ मध्ये स्वतःला रॉकेटच्या गाडीला बांधून घेतलं, ताशी हजार किलोमीटरवरून सव्वा-दीड सेकंदात थांबला आणि ४६ जी सोसले. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, थोडा वेळ दिसेना, पण जगला. तेव्हा ५० जी ही मर्यादा धरू.

अल्कमेड पडला पाइनच्या दाट रानात, खाली बर्फ. बर्फ दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर धरला, तर ५० जीच्या आत थांबण्यासाठी बर्फाला टेकताना वेग ताशी ७५ पेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणजे उरलेल्या तीन टक्क्यांपैकीही ८५ टक्के ऊर्जा झाडांनी घ्यायला हवी. जमेल? फांद्यांचा जाड थर पंधरा मीटरचा मानला तर ते करताना बसणारा झटका साडेआठ जी निघतो. लढाऊ विमानाचे वैमानिक एवढा झटका वळण घेताना सोसतात. प्रत्येक फांदी वाकली, मोडली, आणि मोडताना आपला हिस्सा घेऊन गेली. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण गणित बसतं, आणि चमत्काराला जागा उरत नाही.

तो पडतानाच बेशुद्ध झाला होता. तीनेक तासांनी शुद्ध आली तेव्हा पाय मुरगळलेला आणि थोडं भाजलेलं, एवढंच. चौकशी करणाऱ्या गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, त्याचा एक शब्द पटला नाही. हेर आहे, पॅराशूट कुठंतरी पुरून ठेवलंय, हा त्यांचा संशय. पॅराशूट उघडताना खांद्यावरचे पट्टे हिसक्यानं सुटतात आणि त्यांना धरून ठेवणारे टाके तुटतात. अल्कमेडच्या पट्ट्यांचे टाके शाबूत होते. पुढे विमानाच्या सांगाड्यात जळक्या पॅराशूटचे अवशेष सापडले आणि जर्मनांनी त्याला चक्क लेखी दाखला दिला. युद्धकैदी म्हणून तो स्टालाग लुफ्ट ३ या छावणीत राहिला आणि १९४५ मध्ये घरी परतला.

असं घडलेला तो एकटाच नव्हे. सोव्हिएत नॅव्हिगेटर इव्हान चिसोव्ह जानेवारी १९४२ मध्ये सुमारे सात हजार मीटरवरून पडला. त्याच्याकडे पॅराशूट होतं, पण बेशुद्ध झाल्यामुळे ते उघडलंच नाही. तो बर्फाळ घळीच्या उतारावर आपटून घसरत गेला. उतारावर वेगाचा उताराला लंब असलेला घटकच काय तो आदळतो, उरलेला घसरण्यात खर्च होतो. अमेरिकी गनर अ‍ॅलन मॅगी जानेवारी १९४३ मध्ये फ्रान्समधल्या सँ-नझेरच्या रेल्वे स्थानकाच्या काचेच्या छतावर पडला. हाडं मोडली, हात तुटायला आला, पण काच फुटली म्हणून तो वाचला.

देवानं तारलं म्हणणाऱ्यांना विचारायला हवं, की त्याच लँकेस्टरमधल्या वैमानिकासह चौघांना का नाही तारलं? ते विमानाबरोबर गेले. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मेले. पाइनच्या रानाऐवजी नांगरटीवर, रस्त्यावर, कौलांवर पडलेल्यांच्या कहाण्या सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून आपल्यापर्यंत फक्त वाचलेल्यांच्या येतात.

त्या चौघांसारख्यांचं मरण समजून घ्यायचं तर टर्मिनल वेग सोडून दाराची रुंदी मोजावी लागते. पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झालेला फ्रीमन डायसन तेव्हा विशीचा होता आणि बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करायचा. पडलेल्या अमेरिकी विमानांतले निम्मे लोक उडी टाकून वाचत होते, हॅलिफॅक्ससारख्या जुन्या ब्रिटिश विमानांतले चौथा हिस्सा, आणि सर्वांत नव्या, सर्वांत चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या लँकेस्टरमधले फक्त १५ टक्के. लँकेस्टरच्या सुटकेची झडप २२ इंच रुंद होती, हॅलिफॅक्सची २४. जाड कपडे, पट्टे, छातीवर पॅराशूट, अंधार, गिरक्या घेत पडणारं विमान, आणि सुटकेची वाट दोन इंच अरुंद. डायसनच्या एका सहकाऱ्यानं झडप मोठी करा म्हणून कागद रंगवले. त्यात दोन वर्षं गेली. मोठी झडप मंजूर होऊन विमानांत बसायला लागेपर्यंत युद्ध संपत आलं होतं.