राजकीय भ्रष्टाचाराच्या खटल्यांतील गुन्हाकबुली आणि प्ली बार्गेनिंग

साताऱ्या-सांगलीकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याची बातमी छापून आली की तिच्यात ‘तडजोडीअंती’ हा शब्द बहुधा असतोच. ही तडजोड लाचेच्या रकमेची. शिक्षेबाबत न्यायालयासमोर रीतसर होणारी तडजोड म्हणजे प्ली बार्गेनिंग. साधी गुन्हाकबुली त्याहून निराळी.

दोषारोप निश्चित करताना न्यायाधीश विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आरोपी हो म्हणाला तर तेवढ्यावर त्याला दोषी ठरवता येते. बदल्यात सवलतीचे वचन कोणी देत नाही आणि अपील उरते ते फक्त शिक्षेपुरते.

प्ली बार्गेनिंगला सर्वोच्च न्यायालयाचा पूर्वी सक्त विरोध होता. 5 जुलै 2006 पासून ते कायद्यात आले. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम 289 ते 300 मध्ये आहे. अर्ज आरोपीनेच, दोषारोप निश्चितीपासून 30 दिवसांत करायचा. तो स्वखुशीने केला आहे ना, हे न्यायाधीश बंद दालनात, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून तपासतात. सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ही वाट बंद आहे.

खरी मेख इथेच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खाली लाचेला 3 ते 7 वर्षे शिक्षा आहे, म्हणजे ती मर्यादेत जेमतेम बसते. अपसंपदेला, म्हणजे ज्ञात उत्पन्नाच्या मानाने जास्त मालमत्ता बाळगण्याला, 4 ते 10 वर्षे, म्हणून ती बाहेर. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या सहकारी कारखान्याचा वा बँकेचा अध्यक्षही या कायद्यात लोकसेवक ठरतो, हे कृष्णाकाठच्या वाचकाने विसरू नये. पहिल्याच गुन्ह्यात किमान शिक्षेच्या पाव, म्हणजे तीन वर्षांऐवजी नऊ महिने, इतक्याच शिक्षेची सूट कागदावर शक्य आहे. प्रत्यक्षात मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या एका कर्मचाऱ्याने सुरुवातीच्या काळात असा अर्ज केला, तेव्हा सीबीआयने विरोध केला आणि न्यायालयाने तो फेटाळला.

पुढाऱ्याला मात्र ही सूट फारशी कामाची नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 नुसार भ्रष्टाचारात नुसता दंड झाला तरी सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. कैद झाली तर सुटकेनंतर आणखी सहा वर्षे. कबुली साधी असो वा सौद्याची, दोषसिद्धी ती दोषसिद्धीच. त्यापेक्षा खटला लांबवणे आणि पंच फितूर होण्याची वाट पाहणे त्याला परवडते.

अमेरिकेत सौदा आणि कबुली बहुधा एकत्रच चालतात: सरकारी वकिलांशी लेखी करार, मग न्यायालयात कबुली. तिथल्या संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य रँडी कनिंगहॅम यांनी 2005 मध्ये किमान 24 लाख डॉलरच्या लाचेची अशीच कबुली दिली. तरी 8 वर्षे 4 महिन्यांची कैद झालीच. आपल्याकडे त्याला जवळचा प्रकार म्हणजे माफीचा साक्षीदार. पण तो इतरांविरुद्ध साक्ष देऊन स्वतः सुटतो.