पोस्टिंग फी नावाची पागडी: जपानी पिचरवरचा जुगार कुठून सुरू झाला

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या बेसबॉल टीमने बंद पाकिटात एक आकडा लिहून दिला, ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि वर ११ सेंट. कशासाठी, तर २६ वर्षांच्या एका जपानी पिचरशी (बेसबॉलमधला बॉलर) ३० दिवस बोलायला मिळावं म्हणून. पगार त्यानंतर ठरला, ६ वर्षांचे ५ कोटी २० लाख. म्हणजे मेजर लीगमध्ये, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, एकही बॉल न टाकलेल्या माणसावर १० कोटींच्या वर गेले.

जपानी क्लबने आपला खेळाडू अमेरिकन टीमना बोलीला लावणं म्हणजे पोस्टिंग, आणि पाकिटातली ती रक्कम म्हणजे 'पोस्टिंग फी'. ह्या विषयात सगळा घोळ ह्याच शब्दाने केलाय. कोणी ती पगारात धरतं, कोणी फुटबॉलची ट्रान्सफर फी समजतं. मला मुंबईची पागडी जवळची वाटते, पागडी घरमालकाला आणि भाडं वेगळं, इथे घरमालक म्हणजे पिचरचा जपानमधला क्लब. फरक एवढाच की पगार जुळला नाही तर पागडी परत मिळायची. २०१० मध्ये ऑकलंडने १ कोटी ९१ लाखांची बोली जिंकली, पगारावरून फिसकटलं, आणि टीमचा एक डॉलर गेला नाही.

खरी मेख पुढे आहे. टीमचा पगारखर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की लक्झरी टॅक्स लागतो, आणि ही फी त्यात मोजतच नाहीत. बोस्टनचा पिचर वर्षाला साधारण १ कोटी ७० लाखांना पडत होता, पण टॅक्सच्या हिशोबात तो ८७ लाखांचा दिसायचा, त्यामुळे 'काय धाडस केलं' म्हणून जे कौतुक झालं ते मला अर्धंच पटतं. खिसा भरलेला असेल तर हा टॅक्स वाचवायचाच रस्ता होता की.

शिवाय पाकीट बंद, दुसऱ्याने किती लिहिलंय ते कळायचं नाही, आयपीएलसारखं समोरच्याचा हात बघून थांबायची सोय नाही. बोस्टनकडून हरल्यावर न्यूयॉर्कच्या टीमने त्याच महिन्यात एका डावखुऱ्या पिचरसाठी २ कोटी ६० लाख १९४ डॉलर लिहिले (१९४ म्हणजे त्याने त्या सीझनला काढलेले स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅट्समन, हौसच म्हणायची) आणि वर ५ वर्षांचे २ कोटी पगाराचे. तो मेजर लीगमध्ये १६ मॅच खेळला, २ जिंकला, ERA (दर ९ इनिंगमागे दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) ६.६६, बाकी वर्षं मायनर म्हणजे खालच्या लीगमध्ये गेली. भागाकार केला तर एक विजय २ कोटी ३० लाखांना पडला.

बोस्टनवाल्याचं तसं नव्हतं, पहिल्याच वर्षी टीम चॅम्पियन, २००८ मध्ये त्याचा रेकॉर्ड १८ विजय, ३ पराभव, मग दुखापती आणि २०११ मध्ये कोपराचं ऑपरेशन. जपानमध्ये हे पिचर आठवड्यातून एकदा टाकतात, इकडे पाचव्या दिवशी नंबर लागतो, बॉलही किंचित मोठा आणि गुळगुळीत, त्यामुळे तिकडच्या आकड्यांवरून इकडचा अंदाज बांधणं अवघडच.

आधीचं थोडक्यात सांगायचं तर १९६४ मध्ये पहिला जपानी पिचर सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळला, तो कुठल्या क्लबचा ह्यावरून भांडण झालं आणि ३० वर्षं दार बंद. १९९५ मध्ये एकाने जपानमधून 'रिटायर' होऊन क्लबच्या हातातून सुटायची आणि अमेरिकेत खेळायची पळवाट काढली, आणि असल्या पळवाटा बुजवायला १९९८ मध्ये पोस्टिंग आलं.

२०१३ मध्ये फीला २ कोटींची मर्यादा घातली आणि तेवढी द्यायला तयार असेल त्या कुठल्याही टीमला बोलायची मुभा मिळाली. रिस्क कमी झाली असं तेव्हा म्हणायचे, पण क्लबला जायचे ते वाचलेले पैसे पिचरच्या पगारात गेले. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कने ७ वर्षांचे १५ कोटी ५० लाख दिले आणि जुलैत त्या पिचरच्या कोपराचं लिगामेंट थोडं फाटलं. पूर्वी बोलणी फिसकटली तर फी परत यायची, पण सही झालेला पगार कोण परत देणार? (तो ऑपरेशनशिवाय सात सीझन खेळला, हे नशीब.)

मग नियम परत बदलले आणि फी पगाराच्या टक्क्यांवर आली, पहिल्या अडीच कोटींवर २०, पुढच्या अडीच कोटींवर १७.५ आणि त्यावर १५ टक्के. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसने एका पिचरला १२ वर्षांचे ३२ कोटी ५० लाख दिले, तोही मेजर लीगमध्ये एकही बॉल न टाकलेला. जूनमध्ये त्याचा खांदा गेला, पण २०२५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, त्यानेच गाजवली. त्याच्या क्लबला मिळालेली फी? ५ कोटी ६ लाख २५ हजार, २००६ च्या त्या बंद पाकिटापेक्षा पाचेक लाखांनीच कमी.